पीसीएम: टीव्हीच्या सेटिंगमधलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं

गणपतीच्या सुमारास कोकणातल्या घरांत दोन पाहुणे हमखास येतात. एक म्हणजे चाकरमान्याने मुंबईहून आणलेला टीव्ही नाहीतर साउंडबार, आणि दुसरा पावसाळी ताप. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट: पीसीएम’ असं दिसतं, आणि तापाच्या चिठ्ठीवर ‘टॅब. पीसीएम ६५०’ असं. घरात बारावीचं पोर असेल तर सीईटीच्या फॉर्मवरचा ‘पीसीएम ग्रुप’ही माहीत असतो. अक्षरं तीच तीन, पण एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही.

सीईटीचा अर्थ घराघरात ठाऊक आहे: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. तो बाजूला ठेवू. गोंधळ उडतो तो उरलेल्या दोघांत, म्हणजे टीव्हीतलं आवाज आकड्यांत लिहिण्याचं तंत्र आणि चिठ्ठीवरचं पॅरासिटामॉल यांत, कारण हल्ली चिठ्ठी वाचता आली नाही की लोक ती अक्षरं फोनवर शोधतात. ‘पीसीएम किती असावं’ एवढंच विचारलं तर आवाजाबद्दलचं उत्तर समोर येऊ शकतं, आणि त्यातले १६, २४, ४८ हे आकडे घरात तापाने फणफणलेलं माणूस असताना भलत्याच अर्थाने वाचले जाऊ शकतात.

## अक्षरं सोडा, एकक बघा

संक्षेपाचा अर्थ त्याच्या अक्षरांत सापडत नाही. तो शेजारच्या आकड्याला जोडलेल्या एककात असतो. पीसीएमच्या पुढेमागे मिलिग्रॅम, मिलिलिटर, ‘टॅब.’, ‘सिरप’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’ यांतलं काही असेल तर ते औषध. बिट, किलोहर्ट्झ, स्टिरिओ, चॅनेल असं काही असेल तर तो आवाज. चिठ्ठीवर ‘६५०’च्या पुढे बऱ्याचदा एककच लिहिलेलं नसतं. तिथे ते मिलिग्रॅम धरलं जातं, पण हे औषधवाल्याला माहीत असतं, घरच्यांना नव्हे.

दोन्ही पीसीएममध्ये साम्य असलंच तर एकाच गोष्टीचं: खरी मेख नावात नसून आकड्यात आहे. आवाजात आकडा चुकला तर रेकॉर्डिंग बिघडतं. औषधात चुकला तर यकृत.

## आवाजातलं पीसीएम म्हणजे काय

पूर्ण नाव पल्स कोड मॉड्युलेशन. नाव जड आहे, काम सोपं आहे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातली सतत होणारी चढउतार. मायक्रोफोन त्या चढउताराचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. ही वीज ठरावीक वेळाने मोजायची आणि प्रत्येक मोजमापाचा आकडा लिहून ठेवायचा, हेच पीसीएम. नंतर त्या आकड्यांवरून पुन्हा तशीच वीज तयार करून स्पीकरला दिली की आवाज परत मिळतो.

हर्णैच्या धक्क्यावर खुणा केलेली एक काठी पाण्यात उभी केली आहे असं समजा. दर तासाला पाणी कोणत्या खुणेपर्यंत आलं ते वहीत लिहायचं. ज्याने समुद्र पाहिलेलाही नाही असा माणूससुद्धा त्या वहीवरून भरती-सुकतीची रेघ कागदावर काढून दाखवील. त्या रेघेचा खरेपणा दोन गोष्टींवर ठरतो. मोजमाप किती वेळाने घेतलं, ही पहिली. काठीवरच्या खुणा फुटांच्या होत्या की इंचांच्या, ही दुसरी. आवाजात पहिल्या गोष्टीला सॅम्पल रेट म्हणतात आणि दुसरीला बिट डेप्थ.

मोजमाप फार विरळ झालं तर काय होतं ते याच काठीवर नीट कळतं. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. समजा मोजणारा दर १२ तासांनीच येतो. प्रत्येक वेळी त्याला पाणी मागच्यापेक्षा जरासंच वेगळं दिसेल, आणि वही वाचणाऱ्याला वाटेल की या बंदरात पंधरवड्यात एकच भरती येते. वहीतला एकही आकडा खोटा नाही, तरी चित्र साफ खोटं. आवाजातही असंच होतं: विरळ मोजला तर वरच्या पट्टीचा सूर खालच्या पट्टीतल्या भलत्याच सुराचं रूप घेऊन येतो, आणि एकदा आकड्यांत मिसळला की वेगळा काढता येत नाही. म्हणून नियम असा की जी सर्वांत जलद चढउतार टिपायची आहे, तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजायचं. हॅरी नायक्विस्टने १९२८ मध्ये याची पायाभरणी केली आणि क्लॉड शॅननने १९४९ मध्ये ते गणिताने पक्कं मांडलं.

माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपनं ऐकू येतात. दुप्पट केली तर ४०,०००. त्याहून वरची कंपनं अडवणाऱ्या गाळणीसाठी थोडी जागा ठेवून सीडीचा आकडा ठरला सेकंदाला ४४,१०० मोजमापं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ. सोनी आणि फिलिप्सची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. हा विचित्र आकडा निवडण्यामागे कारण असं की त्या काळी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपयंत्रं वापरत, आणि त्यांच्या चित्ररेषांच्या हिशेबात तो नेमका बसत होता. व्हिडिओसाठी पुढे ४८ किलोहर्ट्झ रूढ झालं.

कल्पना मात्र याहून बरीच जुनी. ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश इंजिनिअरने पॅरिसमध्ये टेलिफोनवर काम करताना १९३७ मध्ये ती मांडली. लांबच्या तारेवर आवाजात खरखर साचत जाते. आवाजाऐवजी आकडे पाठवले तर वाटेत खरखर मिसळली तरी आकडा वाचता येतो, हे त्याच्या लक्षात आलं. डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज आजही याच तत्त्वावर चालतं: सेकंदाला ८,००० मोजमापं, प्रत्येकाला ८ बिट. म्हणून फोनवर माणूस कळतो, पण ‘स’ आणि ‘फ’ यांत गफलत होते. वरची कंपनं तिथे पोचतच नाहीत.

बिट डेप्थचा हिशेब असा. १६ बिट म्हणजे काठीवर ६५,५३६ खुणा. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ खुणा. एक बिट वाढला की सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ६ डेसिबलने वाढतं. म्हणजे १६ बिटला ९६ डेसिबल आणि २४ बिटला सुमारे १४४.

## टीव्हीवर पीसीएम निवडायचं की नाही

टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये साधारणपणे पीसीएम, बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रू, आणि ऑटो असे पर्याय असतात. पीसीएम निवडलं की टीव्ही स्वतः आवाजाचं गाठोडं उलगडतो आणि सरळ आकडे साउंडबारकडे पाठवतो. बिटस्ट्रीम निवडलं की डॉल्बीचं (मिरवणुकीतली नव्हे, आवाज आवळून पाठवायची पद्धत) बंद गाठोडं तसंच पुढे जातं, ते उलगडण्याचं काम साउंडबारचं.

बिघाड इथेच होतो. साउंडबारला तो प्रकार उलगडता येत नसेल तर चित्र दिसतं आणि आवाज गुल. काही चॅनेलवर आवाज येतो, काहींवर नाही, हे त्याचं ठरलेलं लक्षण. केबल बदलण्याआधी आणि दुकानदाराला फोन करण्याआधी सेटिंग पीसीएमवर टाकून बघा. दुसरी तक्रार याच्या उलट: पाच स्पीकरचा संच घेतला, पण मागचे स्पीकर मुके. ऑप्टिकल केबलमधून पीसीएम दोनच चॅनेल नेऊ शकतं. तिथे बिटस्ट्रीम हवं. एचडीएमआयच्या साध्या एआरसी (टीव्हीकडून साउंडबारकडे आवाज नेणाऱ्या) जोडणीतही पीसीएम बहुधा दोनच चॅनेलचं मिळतं. ईएआरसी लिहिलेल्या जोडणीत जास्त चॅनेल जातात, पण त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार दोन्हीकडे ईएआरसी असावं लागतं.

## दशावतार रेकॉर्ड करताना

जत्रांच्या हंगामात वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडे आता बरीच तरुण मंडळी रात्रभराचं दशावतारी नाटक रेकॉर्ड करतात. हे काम फार मोलाचं आहे. तिथली गद्य संवादांची बाजू नट उभ्या उभ्या रचतात, संहिता नसते. आजचा प्रयोग उद्या तसाच मिळणार नाही. म्हणून आकडे इथे जरा सविस्तर.

रेकॉर्डरमध्ये ‘डब्ल्यूएव्ही’ किंवा ‘पीसीएम’, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ निवडावं. २४ बिट कशाला, तर लेव्हल खाली ठेवता यावी म्हणून. डिजिटल आवाजात वरची मर्यादा शून्य डेसिबल. त्याच्या वर आकडाच नाही. आवाज तिथे आदळला की लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि ती फाट नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. गणपतीच्या स्तवनाला लेव्हल लावून मोकळं झालात, तर युद्धाच्या प्रवेशात पखवाज आणि झांज एकदम चढतात आणि फाटतात. उंचातला उंच ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल ठेवा. रेकॉर्डिंग ऐकायला दबकं वाटेल, पण २४ बिटमध्ये ते नंतर मोठं केलं तरी खरखर वर येत नाही. १६ बिटमध्ये एवढी मोकळीक मिळत नाही.

जागा किती लागते? ४८,००० गुणिले ३ बाइट गुणिले २ चॅनेल, म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. सहा तासांना सुमारे ६.२ जीबी. ३२ जीबीचं कार्ड पुरून उरतं. पण अडचण कार्डाची नाहीच. डब्ल्यूएव्ही फाइलच्या सुरुवातीला फाइलचा आकार लिहायला ३२ बिटची जागा असते, त्यामुळे फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. या सेटिंगला ती मर्यादा सुमारे ४ तास ८ मिनिटांनी येते, म्हणजे नाटक ऐन रंगात असताना. बरेच रेकॉर्डर तिथे आपोआप नवी फाइल सुरू करतात. फोनवरची काही ॲप करत नाहीत. आधी घरी पंख्यासमोर पाच तास चालवून बघा, आणि नाटकात मधे एखादा निवांत प्रवेश बघून स्वतःच बंद करून पुन्हा सुरू करा.

बॅटरी अचानक संपली तर? फाइल शून्य सेकंदांची दिसते आणि लोक ती पुसून टाकतात. पुसू नका. थांबवण्याचं बटण दाबल्यावर जो आकार लिहिला जातो तो लिहायचा राहिलेला असतो, पण आवाजाचे आकडे बहुधा कार्डावर असतात. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात फाइल, इम्पोर्ट, रॉ डेटा असं जा. साइन्ड २४ बिट पीसीएम, लिटल-एंडियन, २ चॅनेल, ४८,००० असे आकडे भरा. ‘स्टार्ट ऑफसेट’मध्ये फाइलच्या मथळ्याचे बाइट वगळा, बहुधा ४४; तरी नुसता खळखळाट आला तर हा आकडा एकेकाने वाढवून बघा, योग्य आकड्यावर नाटक सुरू होईल. २४ ऐवजी १६ भरलंत तरी नुसता खळखळाटच ऐकू येईल. फाइल गेलेली नाही, आकडा चुकलाय.

सॅम्पल रेट चुकला तर चूक पटकन कळत नाही, म्हणून ती जास्त वाईट. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजवली की सगळं जवळपास नऊ टक्के जलद आणि साधारण दीड पट्टी वर सरकतं. पट्टी म्हणजे पेटीची, काळी-पांढरी दोन्ही मोजून: काळी एकमध्ये गायलेलं पद पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतं. गाणाऱ्याचा आवाज पातळ वाटतो आणि ऐकणारा म्हणतो, बुवांचा आवाज बदलला. बुवांचा काही दोष नसतो.

## “एमपी३ मध्येही तसंच ऐकू येतं की”

येतं, आणि फोनवर ऐकायला, व्हॉट्सॲपवर पाठवायला एमपी३ पुरेसं आहे. सीडीच्या दर्जाचं पीसीएम सेकंदाला १४,११,२०० बिट खातं, मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. चांगली एमपी३ सेकंदाला ३,२०,००० बिटमध्ये भागते. जे आवाज मोठ्या आवाजाखाली दबून कानाला जाणवत नाहीत, ते ती टाकून देते. पण टाकलेलं परत येत नाही, आणि एमपी३ उघडून, कापून, पुन्हा एमपी३ केली की दरवेळी आणखी काही जातं. म्हणून मूळ प्रत पीसीएमची ठेवावी, वाटायची प्रत एमपी३ची करावी. जागेची चणचण असेल तर मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. आकार बराच घटतो, आणि उघडल्यावर आकडे जसेच्या तसे परत मिळतात.

“मग १९२ किलोहर्ट्झच का घेऊ नये?” कारण वरची कंपनं माणसाला ऐकूच येत नाहीत, आणि फाइल चौपट होते. १९२ च्या मागे लागण्यापेक्षा तोच पैसा मायक्रोफोनला बसवायच्या वाऱ्याच्या केसाळ टोपीवर घालावा. किनाऱ्यावरच्या गावात रेकॉर्डिंगची वाट लावणारा पहिला शत्रू वाराच.

## चिठ्ठीवरचं पीसीएम

इथे पीसीएम म्हणजे पॅरासिटामॉल. नावातलीच तीन अक्षरं उचलून डॉक्टर आणि नर्स हा संक्षेप लिहितात. अमेरिकेत याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात. परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेल्या बाटलीवर ते नाव असेल तर औषध तेच. क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल हीसुद्धा पॅरासिटामॉलचीच दुकानी नावं. कुपोषणाच्या जुन्या पुस्तकांत पीसीएमचा आणखी एक अर्थ सापडतो, प्रथिनं आणि उष्मांकांची कमतरता, पण चिठ्ठीवर तो कोणी लिहीत नाही.

‘टॅब. पीसीएम ६५० एसओएस’ म्हणजे पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी, गरज लागली तर. ‘टीडीएस’ म्हणजे दिवसातून तीनदा, ‘बीडी’ म्हणजे दोनदा, ‘ओडी’ म्हणजे एकदा. यांत सर्वांत धोक्याचा एसओएस, कारण किती तासांनी आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे तो सांगतच नाही. डॉक्टरांच्या मनात ते असतं. कागदावर यायला हवं.

एरवी निरोगी असलेल्या प्रौढ माणसाला एका वेळी ५०० ते १,००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या वर कधीही नाही, ही सर्वमान्य मर्यादा आहे. वजन कमी असलेल्या, यकृताचा आजार असलेल्या, रोज दारू पिणाऱ्या किंवा बरेच दिवस पोटात काही न गेलेल्या माणसाची मर्यादा याहून खाली असते. ती डॉक्टरांनीच ठरवायची.

चार हजार हा आकडा मोठा वाटतो, पण नकळत ओलांडला जातो. चिठ्ठीवरची ६५० ची गोळी दिवसातून चारदा घेतली: २,६०० झाले. नाक वाहतंय म्हणून नाक्यावरच्या दुकानातून सर्दीची गोळी आणली. त्या गोळीत बहुतेक वेळा पॅरासिटामॉल असतंच, समजा ५०० मिलिग्रॅम. ती तीनदा घेतली: आणखी १,५००. बेरीज ४,१००. घेणाऱ्याच्या मते त्याने एक तापाची आणि एक सर्दीची अशी दोन वेगळी औषधं घेतली. अंगदुखीच्या अनेक जोडगोळ्यांतही ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचणं हा यावरचा एकमेव उपाय.

## पोरांच्या औषधात मिलिलिटर आणि मिलिग्रॅम

चुका सर्वांत जास्त इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू. मुलांचा डोस वयावर नव्हे, वजनावर: एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पण बाजारात सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, दुसऱ्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये २५०. तान्ह्या बाळांचे थेंब सर्वांत कडक, बहुधा १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम.

दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचं आहे असं धरा. १२० च्या सिरपमधून ते सव्वासहा मिलिलिटर होतं, २५० च्या सिरपमधून ३ मिलिलिटर, आणि थेंबांच्या बाटलीतून फक्त दीड. आता ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ या आठवणीवर थेंबांच्या बाटलीतून एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर दिलं, तर मुलाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातात. तिप्पटीहून जास्त. ‘बाळांचं औषध आहे, सौम्यच असणार’ ही समजूत नेमकी उलटी आहे. बाळ थोडंच पितं, म्हणून ते औषध घट्ट केलेलं असतं.

घरातला चमचा वापरू नका, बाटलीबरोबर आलेलं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. डॉक्टरांनी सांगितलेले मिलिलिटर कोणत्या बाटलीसाठी ते त्याच वेळी विचारून घ्या. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं सिरप दिलं तर ताकद पुन्हा बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी काही न देता थेट दवाखाना.

## जास्त झालं तर आत काय होतं

पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृतात निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो. यकृतातला ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला लगेच निकामी करतो. डोस मर्यादेत असेल तर कुठेच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच हे औषध इतकं सुरक्षित मानलं जातं. मर्यादा ओलांडली की ग्लुटाथायोन संपतं आणि तो विषारी पदार्थ यकृताच्या पेशी मारू लागतो.

फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवत नाही, कधी तेवढंही नाही. यकृताचं नुकसान दोन ते चार दिवसांत उघड होतं. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे डोस जास्त गेल्याचं कळताच, माणूस ठणठणीत दिसत असला तरी, निघायचं. आडगावातून ओरोसला किंवा रत्नागिरीला जिल्हा रुग्णालयात पोचायलाच दोन तास लागतात, हे आठ तासांतून वजा करा. १०८ ला फोन करा, गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या, आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते कागदावर लिहा.

## “ताप उतरला, मग झालं ना?”

नाही. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, तापाचं कारण घालवत नाही. कोकणात हा फरक जिवावर बेततो. लावणीच्या दिवसांत खाचरातल्या पाण्यात अनवाणी उभं राहिलं की उंदीर-गुरांच्या मुतातले लेप्टोचे जंतू पायाच्या चिरांतून शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं ही त्याची लक्षणं. गोळीने ताप दोन अंश उतरतो, माणूस पुन्हा शेतात जातो, दुखणं अंगावर काढतो, आणि आजार मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. लेप्टोवर प्रतिजैविक वेळेत लागतं, आणि ते पॅरासिटामॉल नव्हे.

डेंग्यूत तर ताप उतरण्याचा काळच धोक्याचा. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप खाली येतो आणि त्याच वेळी काहींच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लागतं. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांतलं काहीही दिसलं तर ताप नाही म्हणून घरी बसू नका.

“मग डेंग्यूत पीसीएम घ्यायचंच नाही?” घ्यायचं. डेंग्यूची शंका असताना ताप आणि अंगदुखीसाठी तेच योग्य औषध, ठरलेल्या मर्यादेत. टाळायचं ते ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. २०१६ मध्ये दोडामार्ग भागात माकडतापाची साथ आली, त्यालाही हेच लागू. काजूच्या हंगामात बागेतून आल्यावर चढलेल्या तापाला अंगदुखीची जोडगोळी घेऊ नका, कारण जोडीत पॅरासिटामॉलबरोबर यांतलंच एखादं असतं. ताप कसलाही असो, एका दिवसात उतरला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

## “डॉक्टर लिहितात, म्हणजे चालत असेल”

सवय आहे, नियम नाही. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये डॉक्टरांच्या आचारसंहितेत घातलं. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ पासून ‘वापरू नका’ अशा संक्षेपांची यादीच ठेवली आहे. मॉर्फिन आणि मॅग्नेशियमची दोन औषधं सारख्याच संक्षेपांनी लिहिली जायची, तो संक्षेप त्या यादीत आहे. ‘५.०’ असं लिहायलाही बंदी आहे, कारण टिंब पुसट झालं की ते ५० वाचलं जातं. ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टरांना पूर्ण नाव लिहायला वेळ नसतो, हे खरं. पण त्याच रांगेतला प्रत्येक जण घरी जाऊन ती अक्षरं एकट्याने वाचणार असतो, आणि म्हणून माझ्या मते ‘पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम’ एवढं तरी पूर्ण लिहिलं गेलंच पाहिजे.

अशी जोडी पीसीएमची एकटीचीच नाही. एडीसी हा रेकॉर्डरमधला वीज मोजून आकडे बनवणारा भाग, आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एडीसी म्हणजे पेशींच्या आसपास पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात त्याचं माप. रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद असं एकक असतं, आणि तेवढ्यावरून ओळख पटते.

## औषधाच्या दुकानात काय विचारायचं

चिठ्ठी पुढे करून नुसतं ‘हे द्या’ म्हणू नका. एका गोळीत किती मिलिग्रॅम, किती तासांनी, दिवसात जास्तीत जास्त किती, आणि बाकीच्या गोळ्यांपैकी कशात पॅरासिटामॉल आहे, एवढे चार प्रश्न विचारा. उत्तरं पाकिटावरच पेनाने मराठीत लिहून घ्या. दुकानदार गोळ्या कापून देत असेल तर नाव, मिलिग्रॅम आणि मुदत छापलेला तुकडा मागून घ्या किंवा पूर्ण पत्त्याचा फोटो काढा. फोनवर शोधायचंच झालं तर ‘पीसीएम’ न लिहिता ‘पॅरासिटामॉल’ आणि शेजारी मिलिग्रॅम असं पूर्ण लिहून शोधा. घरात आजी-आजोबा असतील तर कोणत्या वेळी कोणती गोळी दिली ते कॅलेंडरच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा, म्हणजे सकाळी सुनेने दिलेला डोस दुपारी मुलाकडून पुन्हा दिला जाणार नाही.